शून्याचं टोक

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत मोजणीला एक मुलगी आली होती. आम्हीही आता रीडेव्हलपमेंटला निघालो आहोत. उपनगरात राहून कोण निघालेलं नाही! पंचवीसेक वर्षांची असेल, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइलएवढं यंत्र. ते एका भिंतीला टेकवायचं, बटण दाबायचं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटतो आणि आकडा येतो. पाच मिनिटांत तिने माझ्या तीन खोल्या संपवल्या. मी म्हटलं, "चहा घेतेस का?" तर म्हणाली, "नको मॅम, अजून अकरा फ्लॅट्स बाकी आहेत." मी विचारलं, "दुसरं टोक कुणी धरायला लागत नाही का गं?" तिला प्रश्नच कळला नाही. मग हसून म्हणाली, "आता टोकच नसतं मॅम." ती गेल्यावर मी बराच वेळ त्या भिंतीकडे बघत बसले. स्वयंपाक राहून गेला आणि संध्याकाळी दूधपोह्यांवर भागवलं.

आमच्या वेळी टेपला टोक असायचं. टेप लांब, कापडी, चामड्याच्या डबीत गुंडाळलेली. एकाने शून्याचं टोक भिंतीशी धरायचं, दुसऱ्याने डबी घेऊन पलीकडे जायचं, टेप ताणायची आणि आकडा वाचायचा. शून्य धरणाऱ्याला काही वाचायचं नसतं, लिहायचं नसतं. त्याने फक्त सोडायचं नसतं. माझं शून्य शांताआत्याने धरलं होतं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तेव्हा आम्ही घाटकोपरला, हाउसिंग बोर्डाच्या चाळीत राहत होतो. दोन खोल्या आणि माणसं पाच: आई, बाबा, दोन धाकटे भाऊ आणि मी. बाहेर लांबलचक सामायिक गॅलरी. विमानं उतरायच्या वाटेवरच आमची चाळ, त्यामुळे बोलता बोलता वाक्य अर्ध्यात थांबवायचं, विमान जाऊ द्यायचं आणि पुढचं वाक्य जोडायचं ही सवय आम्हाला जन्मापासूनची. अजूनही मी मध्येच थांबते आणि समोरच्याला वाटतं की बाई विसरली. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. आईचं माहेर जालन्याकडचं. ती वर्षाचं येसर, म्हणजे आमटीचा मसाला, भाजायची तेव्हा अख्ख्या मजल्याला ठसका लागायचा आणि शेजारचे लोक खोकत खोकतच वाटी घेऊन दारात यायचे. मला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला तेव्हा बाबांनी गॅलरीभर पेढे वाटले, पण पोरगी नक्की काय होणार हे कुणालाच सांगता येईना. आई सांगायची, "घरं काढते कागदावर." त्यावर समोरच्या मावशी म्हणाल्या, "मग आमचं पण काढ की गं एक, जरा मोठं काढ!"

ड्रॉइंग बोर्ड आला आणि घरात सहावा माणूस आल्यासारखं झालं. तो पलंगावर आडवा पडायचा आणि भाऊ पलंगाखाली झोपायचे. एकदा रात्रभर जागून केलेल्या शीटवर धाकट्याने ठेच्याचं बोट पुसलं. मी जी रडायला लागले ती थांबेचना. शेवटी बाबांनी बोर्ड उचलला, पाठीला बांधला आणि मला घेऊन मुलुंडची बस पकडली, बहिणीकडे. त्या दिवसापासून परीक्षा आली, परीक्षकांपुढे शीट्स मांडायची ज्यूरी आली की माझा मुक्काम आत्याकडे.

शांताआत्या पालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि कुणाच्या दारात आयुष्य काढायचं नाही हा तिचा पण. मुलुंडला डोंगराच्या बाजूला शाळामास्तर आणि बँकेतल्या कारकुनांनी मिळून सोसायटी काढली, तिथे दोन जागा उरल्या होत्या. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात तिचं नाव निघालं. सोसायटीचं नाव 'अंगण'. तळमजला आणि वर तीन मजले, सगळी मिळून चोवीस घरं, मध्ये चौक आणि चौकात चाफा. बाहेरून उघड्या विटांच्या भिंती, त्यांत जाळ्या, त्यातून डोंगरावरचा वारा दुपारीसुद्धा घरात फिरायचा. पण खरी गंमत जिन्याची होती. आपल्याकडे जिना म्हणजे इमारतीच्या पोटातला अंधारा कोपरा. इथे तो चौकाभोवतीने उघडाच वर चढत गेला होता, रुंद, बुटक्या पायऱ्यांचा. प्रत्येक वळणावर बसायला दगडी बाक, आणि सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या जिन्यावर उघडणाऱ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला घरी जायचं तर खालच्या सगळ्यांच्या फोडण्यांमधून वाट काढावी लागे. आत्याचं घर तळमजल्यावर, जिन्याच्या पायथ्याशीच. दारापुढे ओटा आणि खिडकीपुढून सगळी सोसायटी.

"पहिलं वर्षभर कुणी बोललं नाही," आत्या सांगायची. संध्याकाळी ओट्यावर बसून ती मेथी निवडायची आणि मी पेन्सिलींना टोक करायची. "नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग गप. पण ह्या जिन्याला टाळणार कसं? येता-जाता माझं तोंड दिसायचंच. किती दिवस मान वळवणार? मान दुखती माणसाची." ती मौनाची कोंडी फोडली दुसऱ्या मजल्यावरच्या परबकाकूंनी. मालवणच्या त्या, एका दुपारी जिना उतरता उतरता वासाने खिडकीशी थांबल्या आणि म्हणाल्या, "काय गो, सुकट भाजतंस काय? आणि एकटाच खातलंस?" आत्याने खिडकीतूनच वाटी दिली. मग परबकाकू रोज थांबायला लागल्या, त्यांच्यामुळे जोशीबाई थांबल्या, आणि तिसऱ्या दिवाळीला फराळाची ताटं जिन्यावरून वरखाली व्हायला लागली. एका ताटावर एवढं लिहू नये म्हणतात, पण ज्याच्या घरून कधी ताट परत आलं नसेल त्यालाच त्याची किंमत ठाऊक. आत्याला वाटायचं की हे सगळं परबकाकूंनी केलं. मलाही तसंच वाटायचं, वर्दे सर शिकवायला येईपर्यंत.

सर आठवड्यातून दोनदा कॉलेजात यायचे. पांढरा सुती झब्बा, खिशात जाड शिशाची पेन्सिल, आवाज इतका हळू की मागच्या बाकावरची टवाळ मुलंसुद्धा ऐकायला पुढे सरकायची. पहिल्याच तासाला त्यांनी एकेकाला विचारलं, "तुझ्या घराचं दार कशाकडे उघडतं?" अंधेरीचा एक मुलगा म्हणाला, "लिफ्टकडे." "म्हणजे घरातून निघून तू पहिल्यांदा यंत्राला भेटतोस," सर म्हणाले. माझी पाळी आली. चाळीत राहते हे वर्गात सांगायची मला लाज वाटायची, पण सांगितलं, "गॅलरीत. एका रांगेत सतरा दारं आहेत." सर थांबले. म्हणाले, "मग ह्या वर्गात सगळ्यांत श्रीमंत तू." नंतर फळ्याकडे न बघता ते म्हणाले, "आर्किटेक्ट भिंती काढत नाही. कोण कुणाला कुठे भेटेल, हे तो ठरवतो." मी ते वाक्य वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं. आजही ते मला खरं वाटतं. खोटं वाटलं असतं तर हे प्रकरण लिहायला सोपं गेलं असतं.

तासानंतर मी सरांना आत्याच्या जिन्याबद्दल सांगितलं. सर ऐकत राहिले आणि हसले. "तो जिना मीच केलाय." मला जमीन सापडेना. म्हणजे परबकाकू त्या खिडकीशी थांबाव्यात हे कुणीतरी आधी कागदावर योजलं होतं! माझ्या आत्याला माणसांत आणायचं काम एका माणसाने, तिला न ओळखता, पेन्सिलीने केलं होतं. बसने घरी जाताना मी ठरवून टाकलं की व्हायचं तर असंच व्हायचं, नाहीतर नाही. देवबिव मानणारं आमचं घर नाही. पण त्या वर्षी वर्दे सरांना मी जे मानलं त्याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी सरांनी मला बोलावून घेतलं. 'अंगण'चे मूळ नकाशे जागा बदलताना गहाळ झालेत, म्हणाले. इमारत थकलीय, दुरुस्ती करायला हवी, आणि तिच्यावर एक पुस्तकही काढायचं मनात आहे. "तू मोजशील? घरोघरी जावं लागेल. परक्या माणसाला लोक आत घेत नाहीत, तू तर तिथलीच आहेस. आपण तिला वाचवू, प्रज्ञा." 'आपण' म्हणाले. मी बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. "मोठा माणूस आहे, चांगलं आहे. पण आम्ही खांबावर चढायच्या आधी खांब हलवून बघतो. तू बघितलास का हलवून?" मी चिडले. म्हटलं, "बाबा, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खांबच दिसतो." बाबा हसले आणि बाजरीची भाकरी पुन्हा कालवायला लागले.

नोव्हेंबर ते जानेवारी, प्रत्येक सुट्टीच्या दिवशी मी आणि आत्या टेप घेऊन जिना चढलो. सोबतीला कॉलेजातली मैत्रीण येणार होती, पण ती दुसऱ्या दिवशीच कंटाळली. आत्या म्हणाली, "टोकच धरायचंय ना? मी तर लोकांच्या नाड्या धरते, टेप काय मोठी!" ती प्रत्येक दारात आधी जायची. "पोरीला जरा मोजू द्या. आपल्या इमारतीचं पुस्तक निघणाराय." आणि लोक पलंग सरकवायचे, कपाटं ओढायचे, देवघराचा पडदा बाजूला करायचे. पलंगाखालून लोणच्याच्या बरण्या निघायच्या, जुने स्वेटर निघायचे, एकाकडे तर हरवलेलं मंगळसूत्र निघालं आणि त्या दिवशी आम्हाला श्रीखंड मिळालं. प्रत्येक घरी चहा. आत्या वाकून शून्य भिंतीच्या कोपऱ्याशी अंगठ्याने दाबून धरायची आणि ओरडायची, "धरलं गं!" मी आकडा वाचायची. मोजून झालं की ती अंगठा बघायची. नखाखाली चुना शिरलेला असायचा.

सरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. भेगा सोडायच्या नाहीत. "म्हाताऱ्या माणसाचं चित्र काढताना सुरकुत्या टाळशील का? प्रत्येक भेग दाखव. तोच प्रामाणिकपणा." मी बॅटरी घेऊन भिंती बघायची. भेगा होत्याच. बहुतेक आतल्या गिलाव्यातल्या, केसासारख्या, नखही जाऊ नये अशा. थोड्या गच्चीजवळच्या, खऱ्याखुऱ्या, दुरुस्तीच्या. मी मोजणीच्या वहीत पेन्सिलीने प्रत्येकीपुढे लिहिलं: 'केसभेग', 'केसभेग', 'नख जातं', 'केसभेग'. मग शीट्स शाईने करायची वेळ आली. पन्नासला एक हे प्रमाण, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर भिंतीवरच्या पन्नास मिलिमीटरएवढा. सर म्हणाले, "भेगांना लाल शाई. शीटवर अक्षरं नकोत, रेषेला बोलू दे." माझ्याकडे लाल शाई भरायला एकच पेन मोकळं होतं, शून्य पूर्णांक तीनचं. मी त्याने एकूण एक भेग काढली. केसभेगही त्याच पेनाने, गच्चीतली भेगही त्याच पेनाने. आता ह्या धंद्यात असणारे कपाळाला हात लावतील. तीन दशांश मिलिमीटरची रेषा पन्नासच्या प्रमाणात भिंतीवर पंधरा मिलिमीटर होते. बोटभर. मी आत्याच्या घराच्या, परबकाकूंच्या घराच्या, सगळ्यांच्या भिंतींना बोट जाईल एवढ्या भेगा पाडत बसले होते आणि शीट किती देखणी दिसतेय म्हणून मान वाकडी करून बघत होते. एकोणीस शीट्स. प्रत्येकीच्या खालच्या कोपऱ्यात चौकट आणि चौकटीत 'मोजणी व रेखाटन: प्रज्ञा साळवे'. सरांनी शीट्स एकेक करून उलटल्या, खूप वेळ बघितल्या आणि म्हणाले, "झकास." त्यांच्या तोंडी तो शब्द कधी ऐकला नव्हता. मी तरंगतच खाली आले.

फेब्रुवारीत सरांचा निरोप आला: रविवारी सकाळी 'अंगण'मध्ये सभा आहे, ये, तुझं काम सगळ्यांना दाखवायचंय. मी आईबाबांनाही चला म्हटलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आईने ठेवणीतली निळी साडी नेसली आणि डब्यात गुळाच्या पोळ्या घेतल्या. आत्याने पहाटे उठून चौकात पाणी मारलं होतं. लोक ओट्यांवर, पायऱ्यांवर, बाकांवर बसले. मला आठवतं, मी बाबांना दाखवत होते, बघा, कसं सगळ्यांना बसता येतं, एकही खुर्ची न मागवता. खुर्च्या चारच होत्या. एकीवर सर, बाकीच्यांवर तीन अनोळखी माणसं. त्यांतला एक इंजिनिअर होता आणि दोघं बिल्डरची.

रीडेव्हलपमेंट हा शब्द तेव्हा नवा होता. सेक्रेटरी जोशी, जोशीबाईंचे यजमान, तो शब्द अडखळतच म्हणाले. इंजिनिअरने अहवाल वाचला, तो कुणाला समजला नाही. मग सर उठले आणि त्यांनी माझ्या शीट्स चौकातल्या दोरीवर, कपडे वाळत घालतात तशा, चिमटे लावून टांगल्या. बाजूला कुजबुज झाली. प्रत्येक जण आपलं घर शोधत होता आणि सापडलं की गप्प होत होता. लाल, सगळीकडे लाल. सर त्यांच्या त्याच हळू आवाजात बोलले. "ही इमारत मी बांधली. माझं मूल आहे ती. तिची अवस्था मला बघवत नाही. उद्या काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. म्हणून मीच सांगतोय, उतरवा तिला. नवीही मीच करून देईन." शेजारच्या माणसाने सात मजली टॉवरचं रंगीत चित्र उघडलं. प्रत्येक घरात एक खोली जास्त, लिफ्ट, खाली गाड्या. जिना दिसत नव्हता. नीट बघितल्यावर सापडला, लिफ्टच्या मागे, अंधाऱ्या कोपऱ्यात.

मी उभी राहिले. म्हटलं, "सर, ह्या भेगा एवढ्या नाहीत. ह्यातल्या पुष्कळशा केसाएवढ्या आहेत. पेन जाड होतं."

चौकात कुणीतरी हसलं. सरांनी माझ्याकडे मायेने बघितलं. हो, मायेनेच, तेच मला अजून सोसत नाही. ते लोकांकडे वळून म्हणाले, "हिची आत्या इथे राहते. साहजिक आहे."

जोशी चष्मा सावरत दोरीजवळ गेले. "हे नाव कुणाचं?"

"माझं."

"रेषा कुणी काढल्या?"

"मीच."

"मग बाई, तेव्हा खऱ्या होत्या आणि आज खोट्या झाल्या?"

विमान जायची वाट बघावी तशी मी थांबले, पण मुलुंडवरून विमानं जात नाहीत. लोकांचे हात वर झाले. आत्याचा झाला नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्यांचा झाला नाही, बाकी झाले. आई डबा मांडीवर धरून बसली होती, त्या पोळ्या आम्ही परत घरी नेल्या. आत्या ओट्यावर उभी राहून दोरीवरच्या शीट्सकडे बघत होती. तिचं घर पहिल्याच शीटवर होतं. तिच्या खोलीच्या कोपऱ्यातून, जिथे तिने अंगठ्याने शून्य दाबून धरलं होतं, तिथूनच मी एक लाल रेषा काढली होती. बसस्टॉपवर बाबा एवढंच म्हणाले, "खांब हलला की खाली उतरायचं, बाई. वर बसून रडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी मोजणीची वही घेऊन सरांच्या वांद्र्याच्या ऑफिसात गेले. टेबलावर टॉवरचं पांढरं मॉडेल तयार होतं. असलं मॉडेल करायला महिना-दीड महिना लागतो, हे आर्किटेक्चरच्या पोरीला सांगावं लागत नाही. म्हणजे मी आणि आत्या पलंगाखाली वाकत होतो तेव्हा इथे कुणीतरी पुठ्ठा कापत होतं. मी वही उघडून 'केसभेग' 'केसभेग' दाखवलं. म्हटलं, "सर, तुम्हीच म्हणालात अक्षरं नकोत."

"म्हणालो असेन." त्यांनी वही बंद करून माझ्याकडे सरकवली. "ड्रॉइंगवर नाव तुझं आहे. प्रमाणात रेषा किती जाड पडते हे काढणाऱ्याला माहीत हवं. हे शीक, पुढे उपयोगी पडेल."

"आणि पुस्तक?"

"बघ प्रज्ञा, मी नाही म्हणालो असतो तर ते दुसऱ्याकडे गेले असते. इमारत पडणारच होती. निदान आपल्या हातून पडतेय." पुन्हा 'आपल्या'. "परीक्षा झाली की ये इथे कामाला. तुझ्यासारख्या घरातून आलेल्या मुलींना संधी मिळायला हवी, मी मानतो."

त्यांना पेनाची जाडी कळत नव्हती असं मी कसं मानू? आणि त्यांनी मुद्दामच केलं असं तरी कोणत्या पुराव्यावर म्हणू? दोन्ही रस्त्यांनी मी कित्येक वर्षं फिरले. माझा राग इमारत पाडली ह्याचा नाही. मी स्वतः पुढे इमारती पाडल्या आहेत, पोट आहे. तो जिना काय करतो हे ह्या जगात दोनच माणसांना पुरतं ठाऊक होतं, त्यांना आणि त्यांच्यामुळे मला. दुसऱ्या कुणी पाडला असता तर म्हटलं असतं, अडाणी आहे. त्यांनी मला त्या जिन्यावर प्रेम करायला शिकवलं आणि मग त्या प्रेमाच्याच हाताने लाल शाई भरून घेतली. ह्याला मी फसवणूक म्हणते. कुणी त्याला व्यवहार म्हणावं, माझी हरकत नाही, माझ्यासमोर म्हणू नये.

वही घेऊन मी 'अंगण'मध्ये पुन्हा घरोघर फिरले. चहा सगळीकडे मिळाला, वही कुणी उघडली नाही. परबकाकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. "गो बाय, तुझा खरा असात. पण झिलाचा लगीन करूचा हा. एक खोली वाढता तर वाढांदे." त्या वाईट नव्हत्या. चार माणसं दीड खोलीत झोपत होती. मला राग यायला हवा होता, आला नाही, आणि त्यामुळे सरांवरचा दुप्पट झाला. आत्याच्या दारात मात्र मी वही पिशवीतून काढलीच नाही. तिला वही बघायची गरज नव्हती. भिंती तिने माझ्याइतक्याच जवळून बघितल्या होत्या. तिला भेग केवढी आहे ते माहीत होतं. मी केवढी काढली तेही तिने बघितलं होतं. तिने मला जेवायला वाढलं. सुकट होती, भाकरी होती, वर तूपही वाढलं. आणि सबंध जेवणात तिने मला कॉलेजचं काहीही विचारलं नाही.

मी सरांकडे कामाला गेले नाही. पास झाले, दुसरीकडे लागले, पुढे स्वतःचं छोटं ऑफिस काढलं. आमच्या ऑफिसातून निघणाऱ्या ड्रॉइंगवर इतक्या टिपा असतात की नवी पोरं हसतात. म्हणतात, मॅडम, हे ड्रॉइंग आहे की पत्र? आणि जिथे बिल्डर दोन फूट सोडेल तिथे मी अजून जिना उघडा करते, वळणावर बाक घालते, खिडकी काढते. तो जिना वर्दे सरांचाच आहे. त्याबद्दल त्यांचं नाव मी ऑफिसात कुणाला सांगत नाही, एवढा सूड मी ठेवलाय.

टॉवर उभा राहायला चार वर्षं लागली. तोपर्यंत आत्या गोवंडीला भाड्याच्या खोलीत राहिली, तिथूनच निवृत्त झाली. तिला सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. दार लिफ्टकडे उघडणारं. परबकाकू तिसऱ्यावर. सामान हलवायच्या दिवशी मी सकाळपासून तिच्याकडे होते. नव्या स्वयंपाकघरात तिचं जुनं कपाट बसेल का हे बघायचं होतं. खिडकी बंद होती, कुणाचाच वास येत नव्हता. मी पिशवीतून टेप काढली, तीच कापडी, डबीची, आणि जुन्या सवयीने शून्याचं टोक तिच्याकडे पुढे केलं.

आत्या ओट्यापाशी उभी होती. आता ओटा म्हणजे नुसता गॅसचा. तिने टोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोन्ही हात पदराला पुसले आणि पदरातच ठेवले.

"ते तू खिळ्याला अडकव गं," ती म्हणाली. "मला आता धरवत नाही."

भिंतीत खिळा नव्हता. मी हातोडी शोधली, एक ठोकला, आणि कपाटाची जागा एकटीने मोजली.